फ्रिजमधली दात्याची त्वचा जिवंत आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृत्यूनंतर दान केलेली त्वचा भाजलेल्या रुग्णाला लावेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवतात. तिच्याबद्दल इंदूर, देवास, उज्जैन, महू या पट्ट्यातून बर्न वॉर्डमधल्या सिस्टर, लॅब टेक्निशियन, रेसिडेंट डॉक्टर आणि त्वचादान केलेल्या घरांतली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले सहा कुणीही वाचावेत. सातव्यापासून लॅबचं काम सुरू होतं.

१. शरीरापासून वेगळी केलेली त्वचा फ्रिजमध्ये 'जिवंत' कशी राहते?

४ अंश सेल्सिअसला पेशींचं काम अगदी मंदावतं, पण थांबत नाही. त्यांना लागणारा प्राणवायू आणि साखर इतकी कमी होते की भोवतालच्या द्रवावर त्या काही दिवस तग धरतात. जिवंत त्वचा म्हणजे पुन्हा ३७ अंशांवर आणून रक्तपुरवठा मिळाला तर ज्यातल्या पुरेशा पेशी काम सुरू करतील आणि विभागतील अशी त्वचा. जखमेवर ठेवलेला ग्राफ्ट (लावलेला त्वचेचा तुकडा) पहिले सुमारे दोन दिवस खालून झिरपणाऱ्या द्रवावरच जगतो. रक्तवाहिन्या त्यानंतर जोडल्या जातात. फ्रिजमधून थकून आलेल्या पेशींचा खरा कस या दोन दिवसांत लागतो.

२. दात्याची त्वचा शेवटी गळूनच पडते ना? मग ती जिवंत असली काय नि नसली काय?

गळून पडते हे खरं. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोमध्ये पीटर मेडावार यांनी सर्जन थॉमस गिब्सन यांच्यासोबत एका भाजलेल्या रुग्णावर हेच पाहिलं: परक्याची त्वचा आधी लागते, मग शरीर तिला नाकारतं, आणि त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर नाकारतं. प्रतिकारशक्तीवरच्या पुढच्या कामासाठी मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं.

पण गळण्याआधीचे दिवसच कामाचे असतात. जिवंत त्वचेत रुग्णाच्या रक्तवाहिन्या शिरतात, ती जखमेला घट्ट धरते आणि साधारण दोन-तीन आठवडे खरं झाकण देते. मोठ्या भाजण्यात रुग्णाची प्रतिकारशक्ती ढासळलेली असल्याने कधी त्याहून जास्तही टिकते. मृत त्वचा उत्तम जैविक ड्रेसिंग ठरते: वेदना कमी करते, पाणी आणि प्रथिनं झिरपू देत नाही. मात्र ती तशी रुजत नाही. जळका भाग पूर्ण काढून स्वच्छ केलेल्या खोल जखमेवर हा फरक जाणवतो. उथळ भाजण्यावर फारसा नाही, आणि तिथे जिवंतपणासाठी धडपडण्यात अर्थ नाही असं आमचं मत आहे.

३. स्किन बँकेत (दान केलेली त्वचा साठवणाऱ्या पेढीत) त्वचा ग्लिसरॉलमध्ये ठेवतात असं ऐकलं. तिचीही जिवंतपणाची चाचणी करायची का?

नाही. ८५ टक्के ग्लिसरॉल पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि पेशी मरतात. ही त्वचा मृत असणंच अपेक्षित आहे. नेदरलँड्समधल्या युरो स्किन बँकेने रुळवलेली ही पद्धत आपल्याकडच्या अनेक पेढ्यांनी घेतली, कारण अशी त्वचा साध्या फ्रिजमध्ये काही वर्षं टिकते. तिच्यासाठी दात्याचे रक्ततपास आणि जंतूंचं कल्चर (नमुन्यातून जंतू वाढतात का हे पाहणं) महत्त्वाचं. जिवंतपणाच्या चाचणीत तिचा एक उपयोग मात्र होतो, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

४. आईची त्वचा दान केली. वापरण्याआधी काय काय तपासतात? 'जिवंत नाही' असं निघालं तर फेकून देतात का?

आधी दात्याच्या रक्तातून एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि सिफिलिस तपासतात. यातलं काही निघालं, किंवा दात्याला त्वचेचा कर्करोग अथवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल, तर त्वचा वापरत नाहीत. मग त्वचेच्या तुकड्यांचं जीवाणू आणि बुरशीचं कल्चर होतं. रक्तगट जुळवावा लागत नाही.

जिवंतपणा कमी निघाला म्हणून दान वाया जात नाही. कल्चर स्वच्छ असेल तर ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये हलवतात आणि ड्रेसिंग म्हणून वापरतात. कल्चर खराब आलं तर मात्र जिवंतपणाचा आकडा कितीही सुंदर असो, ती बाद.

घरच्यांची आणखी एक शंका असते, म्हणून इथेच सांगतो: मांड्या, पाय आणि पाठीवरून अगदी पातळ वरचा थर घेतात. रक्त वाहत नाही, पट्ट्या बांधून देतात, अंत्यदर्शनाला काही दिसत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवणं महत्त्वाचं. इंदुरात चोइथराम हॉस्पिटलमध्ये स्किन बँक आहे. मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये सुधारला तेव्हापासून त्वचेसारख्या ऊतीही त्याच्या कक्षेत आहेत. त्यामुळे लेखी संमतीशिवाय काही होत नाही, आणि त्वचेची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

५. ४ अंशांना किती दिवस चालते?

पोषक द्रवात (आरपीएमआय १६४० किंवा डीएमईएम) ठेवून दर ७२ तासांनी द्रव बदलला तर रूढ मर्यादा १४ दिवस. पहिल्या आठवड्यात वापरली तर उत्तम. नुसत्या सलाइनमध्ये घसरण लवकर होते. सलाइनमध्ये साखर नसते आणि पेशींनी सोडलेलं आम्ल झेलायला काही नसतं. पोषक द्रवातला लाल रंग पिवळा पडू लागला की द्रव आंबट झाला असं समजा. ७२ तास व्हायचे असले तरी तेव्हाच बदला, आणि त्यातला थोडा कल्चरला पाठवा, कारण जंतूही द्रव पिवळा करतात.

फ्रिजमध्ये ग्राफ्ट ठेवण्याची कल्पना नवी नाही. जेरोम वेबस्टर या अमेरिकन सर्जनने १९४४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. तरी 'पूर्वी तीन आठवडे ठेवायचे' हा आधार धरून चौदाव्या दिवसापुढे जाऊ नका.

६. अनुभवी माणसाला रंगावरून, वासावरून कळत नाही का?

नाही. पाचव्या आणि पंधराव्या दिवसाची त्वचा सारखीच पांढुरकी दिसते. वास आला तर तो जंतूंचा. बोटाने हलकं घासल्यावर वरचा पापुद्रा सरकला तर पेशी कधीच गेलेल्या असतात. ही खूण पक्की आहे, पण फार उशिरा येते.

७. चाचण्या अनेक आहेत. आमच्या लॅबने कुठली निवडावी?

रोजच्या कामाला एमटीटी नावाच्या रंगद्रव्याची चाचणी. पिवळ्या एमटीटीचं जिवंत पेशींतली एन्झाइम्स जांभळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर करतात. जितका जांभळा रंग, तितकी चयापचयाची धुगधुगी. स्वस्त आहे आणि आकडा त्याच दिवशी हातात येतो.

रेझाझुरिनची (अलामार ब्लू) चाचणी सोपी, कारण रंग द्रवातच येतो, तुकड्यातून काढावा लागत नाही. पण तिला फ्लुरोसन्स मोजणारं यंत्र असलेलं बरं. ट्रायपॅन ब्लूसाठी (हा रंग मेलेल्या पेशींना निळं करतो) आधी ट्रिप्सिनने पेशी सुट्या कराव्या लागतात आणि त्या ओढाताणीत काही पेशी मरतात. मग मेलेल्या पेशींचा दोष फ्रिजवर जातो. सूक्ष्मदर्शकाखालच्या छेदात आक्रसलेली केंद्रकं, पेशींतली पोकळी, दोन थरांमधली फट दिसते. तीही उशिराची लक्षणं, पण एमटीटीचा आकडा संशयास्पद वाटला तर छेद पाहणं फार मोलाचं. तुकड्यातून पेशी उगवतात का हे कल्चर करून पाहणं सर्वांत विश्वासाचं, पण निकालाला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर त्वचेची मुदतच संपते.

८. एमटीटी पायरीपायरीने सांगाल का?

आधी नमुने. प्रत्येक शीटच्या तीन वेगळ्या जागांवरून ६ मिमीच्या पंचने (गोल तुकडा कापणाऱ्या हत्याराने) एकेक तुकडा घ्या. ४ मिमीचा पंच टाळा. ०.४ मिमी जाडीच्या ग्राफ्टमधून त्याचा तुकडा जेमतेम ५ मिलिग्रॅम भरतो आणि वजनातली छोटी चूकही निकाल हलवते. ६ मिमीचा ११ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. कडेचा भाग घेऊ नका, तिथे डर्माटोमने (त्वचेचा पातळ थर कापणाऱ्या यंत्राने) पेशी चिरडलेल्या असतात.

सोबत तीन तुलना हव्यात. पहिली: त्याच दात्याची त्वचा, आणल्या दिवशीच तपासलेली. दुसरी: मुद्दाम मारलेली त्वचा, म्हणजे ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवलेले तुकडे. ग्लिसरॉलमधली त्वचाही चालते, पण ग्लिसरॉल पूर्ण धुवा. तिसरी: एमटीटीशिवाय बाकी सगळं केलेला तुकडा. त्याचं काम प्रश्न ११ मध्ये कळेल.

आता कृती. तुकडे पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या द्रावणात) तीनदा धुवा. साठवणीच्या द्रवातला लाल रंग आणि अँटिबायोटिक पूर्ण गेलं पाहिजे. फिल्टर पेपरवर टिपा, सगळे तुकडे सारखाच वेळ, आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर वजन करा. मग लाल रंगविरहित पोषक द्रवात ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. फ्रिजमधून थेट एमटीटीत टाकलेली त्वचा पहिला बराच वेळ नुसती गरम होण्यातच घालवते आणि आकडा खोटा कमी येतो.

२४ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात १ मिली एमटीटी घाला, प्रमाण ०.५ मिग्रॅ प्रति मिली. तुकडा ओली (आतली) बाजू खाली, शिंगट थर (सगळ्यात वरचा मृत, कडक थर) वर असा ठेवा. शिंगट थरातून एमटीटी आत शिरत नाही, म्हणून उलटा पडलेला तुकडा पेशी जिवंत असूनही फिका राहतो. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३ तास, फॉइलने झाकून. वेळ सगळ्यांना एकच.

नंतर तुकडा काढून पीबीएसमध्ये बुडवून टिपा आणि १ मिली डीएमएसओमध्ये (जांभळा रंग विरघळवणाऱ्या द्रवात) टाका. अंधारात हलवत दोन तास ठेवा. तुकडा अजून जांभळा दिसत असेल तर आणखी वेळ द्या, घाई करू नका. अर्धवट निघालेला रंग हे खोट्या कमी आकड्याचं सगळ्यात सामान्य कारण. शेवटी प्रत्येक नमुन्याचे २०० मायक्रोलिटर ९६ खणांच्या प्लेटमध्ये तीन-तीन खणांत घालून ५७० नॅनोमीटरवर रंगाची तीव्रता वाचा.

एमटीटीचं द्रावण फॉइलमध्ये, ४ अंशांना. हिरवट दिसलं की टाकून द्या.

९. टक्केवारी कशी काढायची?

समजा ताज्या त्वचेचं वाचन ०.९८, मारलेल्या त्वचेचं ०.०८, आणि नवव्या दिवसाच्या नमुन्याचं ०.६२. मारलेल्याचं वजा केलं की ०.९० आणि ०.५४ उरतात, म्हणजे ६० टक्के. पण ताजा तुकडा ११.२ मिग्रॅ आणि साठवलेला १२.० मिग्रॅ असेल तर प्रति मिलिग्रॅम हिशेब ५६ टक्क्यांवर येतो. दुसरा आकडा लिहा. तीन तुकड्यांत मोठा फरक असेल तर सरासरीमागे लपू नका, तिन्ही आकडे नोंदवा. एक कोपरा गोठल्याची ती खूण असू शकते (प्रश्न १५).

वाचन १.२ च्या वर गेलं तर डीएमएसओने पातळ करून पुन्हा वाचा. ताज्याचं आणि साठवलेल्याचं वाचन वेगवेगळ्या दिवशी होतं, म्हणून दोन्हीला एमटीटीचा एकच लॉट वापरा.

१०. आमच्या एलायझा रीडरला (प्लेट वाचणाऱ्या यंत्राला) ५७० चा फिल्टरच नाही. काय करू?

त्याऐवजी बायोकेमिस्ट्रीतलं यंत्र वापरा; तिथल्या सेमी-ऑटो अ‍ॅनालायझरला बहुधा ५४६ आणि ५७८ असतात. दोन्ही चालतात. एकदा निवडलेला फिल्टर बदलू नका, इतकंच. डीएमएसओ यंत्राच्या फ्लो-सेलच्या नळ्यांतून सोडू नका, काचेची क्युव्हेट वापरा. ४५० चा फिल्टर नको. तिथे न बदललेला पिवळा एमटीटीही वाचला जातो.

११. सावळ्या त्वचेचे आकडे जास्त येतात असं वाटतं. खरं आहे का?

येऊ शकतात. मेलॅनिन स्वतःच प्रकाश शोषतं आणि थोडं डीएमएसओत उतरतं. युरोपातल्या गोऱ्या त्वचेवर बसवलेली पद्धत जशीच्या तशी उचलली की ही चूक होते. एमटीटीशिवायचा तुकडा त्यासाठीच: त्याचं वाचन नमुन्यातून वजा करा. मारलेल्या त्वचेतही मेलॅनिन असतंच, म्हणून ती त्याच दात्याची असेल तर हे काम तिच्यातच होतं. दोन्ही वजा करू नका. मारलेली त्वचा त्याच दात्याची नसेल तरच वेगळी वजाबाकी लागते.

१२. दहाव्या दिवसाचा आकडा सहाव्या दिवसापेक्षा जास्त आला! त्वचा सुधारली?

फ्रिजमध्ये त्वचा सुधारत नाही. पहिला संशय जंतूंवर. जीवाणू आणि बुरशी दोघांकडेही एमटीटी जांभळा करणारी एन्झाइम्स आहेत. सडू लागलेली त्वचा कागदावर झकास दिसते. म्हणूनच कल्चरशिवाय जिवंतपणाचा आकडा देऊच नये, यावर आम्ही ठाम आहोत. मग पाहा: द्रवात व्हिटॅमिन सी किंवा तसलं काही घातलं आहे का, कारण ते पेशींशिवायच एमटीटी जांभळा करतं. मारलेल्या तुकड्यांचं वाचनही वाढलं असेल तर हेच कारण. दोन्ही नसेल तर वजन, पंचची जागा आणि इन्क्युबेटरमधला वेळ तपासा.

१३. पहिल्या दिवशी ताजा तुकडा तपासायचा राहिला. दुसऱ्या दात्याचा आकडा घेऊ का?

नको. वय, शरीराचा भाग, ग्राफ्टची जाडी, मृत्यूनंतर गेलेला वेळ यांमुळे दोन दात्यांच्या ताज्या त्वचेतही खूप फरक असतो. अशा वेळी टक्केवारी देऊच नका. प्रति मिलिग्रॅम वाचन द्या आणि शेजारी तुमच्या लॅबमध्ये आजवर मिळालेल्या ताज्या त्वचेची किमान-कमाल मर्यादा लिहा. सर्जनला तेवढं पुरतं.

१४. किती टक्क्यांखाली नापास?

सगळ्यांना लागू असा एक आकडा नाही. काही ठिकाणी ताज्याच्या निम्म्यावर रेघ ओढतात. पण पद्धत, द्रव आणि वजनाचा हिशेब बदलला की तोच तुकडा ४५ किंवा ६० दाखवेल. स्वतःच्या लॅबमध्ये निदान दहा दात्यांची त्वचा ०, ३, ७, १० आणि १४ व्या दिवशी तपासा, सोबत छेद पाहा, आणि त्यावरून रेघ ठरवा. उधार घेतलेली रेघ वादात टिकत नाही.

१५. मे महिन्यात रात्री चार तास वीज गेली. आणि एकदा बर्फाच्या पेटीत पिशवी बर्फाला चिकटली. कुठलं जास्त वाईट?

चिकटलेली पिशवी. फ्रिजचं दार बंद राहिलं आणि आतलं तापमान १० अंशांच्या खाली राहिलं तर चार तासांनी सहसा फार बिघडत नाही. तापमान-नोंद यंत्राचा आलेख काढा, अंदाज बांधू नका. शून्याखाली गेलेल्या त्वचेत मात्र बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणं फाडतात, कारण संरक्षक द्रव्य घातलेलं नसतं. उणे ८० किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात तेव्हा आधी १० टक्के डीएमएसओ किंवा ग्लिसरॉल भिनवतात आणि मिनिटाला एक अंश अशा संथ गतीने थंड करतात. घरगुती फ्रिजच्या बर्फकप्प्याला यातलं काही येत नाही.

गोठल्याचा संशय असेल तर दोनदा तपासा: लगेच, आणि तुकडा ३७ अंशांवर २४ तास पोषक द्रवात ठेवून. जखमी पेशींतली एन्झाइम्स काही तास काम करत राहतात, म्हणून पहिला आकडा फसवा असतो. देवास-उज्जैनहून त्वचा आणताना पिशवी आणि बर्फ यांच्यामध्ये जाड कापड किंवा थर्माकोल ठेवा, आणि फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवू नका.

१६. रुग्णाचाच उरलेला ग्राफ्ट वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवतो. त्याचीही चाचणी करायची?

सहसा नाही. तुकडा लहान असतो आणि पंच मारून तो आणखी लहान करण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात वापरणं शहाणपणाचं. ओल्या बाजूला ओली बाजू लावून घडी घाला, सलाइनने भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, निर्जंतुक डबीत ठेवा. डिस्टिल्ड वॉटर अजिबात नको, पेशी फुगून फुटतात. डबीवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा. झाकणावर नव्हे, डबीवर: झाकणं बदलली जातात. त्याच रुग्णाला लावायचा, दुसऱ्या कुणालाही नाही. डब्यातल्या जेवणाच्या शेजारी ठेवू नये हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

१७. आकडा ८० टक्के होता, तरी ग्राफ्ट लागला नाही. चाचणी चुकली का?

बहुधा नाही. ग्राफ्टखाली रक्त किंवा पाणी साचलं, ड्रेसिंग सरकलं, किंवा जखमेत जंतू जास्त असले (ग्रॅममागे एक लाखाच्या वर) तर ताजा ग्राफ्टही जातो. बीटा-हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस तर त्याहून कमी संख्येतही ग्राफ्ट खातो. चाचणी त्वचेबद्दल सांगते, जखमेबद्दल नाही. उलट, आकडा ३० असूनही ड्रेसिंग म्हणून ती त्वचा छान काम करते, हेही नेहमी दिसतं.

१८. तपासलेला तुकडा परत लावता येतो का?

नाही. एमटीटी पेशींना विषारी आहे आणि डीएमएसओनंतर काही उरत नाही. तुकडे पिवळ्या पिशवीत. डीएमएसओ-फॉर्माझान बेसिनमध्ये ओतू नका, रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत जमवा. डीएमएसओ साध्या लेटेक्स हातमोज्यांतून आरपार जातं आणि सोबत जे विरघळलेलं असेल तेही नेतं. जाड नायट्राइलचे घाला आणि शिंतोडा उडाला की लगेच बदला.